झोक

खापराच्या पोळीला फाटायला सबब लागत नाही. कणीक जरा घट्ट झाली, पुरणात डाळीचा एखादा दाणा आख्खा राहिला, कुणी ओट्यावरून हाक मारली आणि करणारणीची मान वळली, की गेली. त्यामुळं त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मायच्या हातावर लागोपाठ तीन पोळ्या फाटल्या तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. काकू म्हणाली, यंदाचा गहूच असा आहे. मी म्हणाले, उकाड्यानं हात घामेजले असतील. वैशाखात अमळनेरच्या आसपास चुलीपुढं बसलेल्या बाईला घाम आला, यात नवल ते काय?

ज्यांनी ही पोळी होताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरगावचे लोक हिला मांडे म्हणतात. दोन छोट्या पाऱ्या लाटायच्या, मध्ये पुरण, कडा दाबून बंद, पिठी लावून पुन्हा थोडं लाटायचं. इथपर्यंत कुणालाही जमतं. मग पोळी पोळपाटावरून उचलायची आणि पुढचा सगळा कारभार हवेत. उजव्या हातावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. दर फेरीला ती वाढत जाते. आधी तळव्यात मावते, मग मनगटाखाली उतरते, मग कोपरापर्यंत येते. शेवटी दोन्ही हातांवर ओढणीसारखी पसरलेली पोळी पालथ्या खापरावर अलगद सोडायची, एकही चुणी न पडता. माय हे करताना शेजारणीशी गप्पा मारायची, जाळ कमी झाला की भावाला ओरडायची, माझ्या नोकरीची चौकशी करायची. हाताकडं तिचं लक्ष कधीच नसायचं.

त्या दिवशी ती हाताकडं बघत होती.

तिन्ही पोळ्या उजव्या बाजूला फाटल्या. उजवा हात पोळीखाली जायला किंचित उशीर करायचा आणि गेला की गरजेपेक्षा दोन बोटं पुढं जायचा. तिसऱ्यांदा फाटली तेव्हा माय हसली. ‘मन्हा हात मन्हं आयकत नही आते,’ असं म्हणून तिनं ती पोळी घडी घालून चवडीच्या तळाशी सरकवली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मेंदूची आकृती फळ्यावर काढून मला वीस वर्षं होत आली. मोठा मेंदू, त्याखाली मागच्या बाजूला फुलकोबीच्या तुऱ्यासारखा लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, आणि खाली देठासारखा मस्तिष्कस्तंभ. अनुमस्तिष्काचं कार्य लिहा, एक गुण. उत्तर: शरीराचा तोल सांभाळणे व ऐच्छिक हालचालींमध्ये सुसूत्रता आणणे. ‘सुसूत्रता’ लिहायला विसरलेल्या मुलांचा मी अर्धा गुण कापत आले. माझ्या समोर, चार हातांवर, ती सुसूत्रता फाटत होती आणि मी पंखा लावू का म्हणून विचारत होते.

आखाजी म्हणजे लेकींचा सण. माहेरी यायचं, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, आमरस आणि पोळी खायची. मी चार दिवस राहिले, झोके घेतले, आमरसाचे डबे घेऊन नाशिकला परतले. नंतरचं फोनवर.

फोनवर माय म्हणायची, झोक जास. झोक जातो. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तेच तालुक्याच्या डॉक्टरांना सांगितलं, ‘हिला चक्कर येते.’ डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘गिडीनेस’. आज मागं वळून बघताना मला वाटतं, सगळी चूक या दोन वाक्यांच्या मध्ये कुठंतरी झाली.

आपल्या भाषेत या गोष्टीला किती शब्द आहेत बघा. चक्कर, भोवळ, घेरी, भवंड, अंधारी, गरगरणं, डोकं हलकं होणं, तोल जाणं, झोक जाणं. आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, पण ते एक नाहीत. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं काळं येतं ती अंधारी. तिचा संबंध बहुधा रक्तदाबाशी. कूस बदलली की आढं गरगर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, ती भवंड. पुष्कळदा आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडतात म्हणून येते आणि डोकं ठरावीक रीतीनं वळवून ते कण जागेवर नेले की जाते. आणि झोक? झोक जातो तेव्हा डोकं स्वच्छ असतं. काही फिरत नाही. फक्त पाय टाकलेला असतो एकीकडं आणि अंग जातं दुसरीकडं. माय बरोबर सांगत होती. ‘चक्कर नही येत, झोक जास,’ असं तिनं आप्पांना दोनदा बजावलंही होतं. पण बाईमाणसाचं दुखणं डॉक्टरला पुरुषानं सांगायची आमच्याकडं रीत आहे, आणि पुरुष थोडक्यात सांगतात.

चक्करीच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरानं मानेचा एक्स-रे. पन्नाशी ओलांडलेल्या, जन्मभर डोक्यावर पाटी वाहिलेल्या बाईच्या मानेच्या एक्स-रेमध्ये मणके झिजलेले दिसणार नाहीत तर काय? मानेला पट्टा लागला. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं आणि काही न खाता उलटी व्हायची. ते पित्तात गेलं. पोटावर गोळी. उलटी झाली की डोकं हलकं व्हायचं, म्हणून पित्तच असणार याबद्दल गावात कुणाला शंका उरली नाही. मलाही नव्हती, हे लिहून टाकते.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सतरा. आमच्या भागात बायांचं नऊ-दहा असलं तरी डॉक्टर ‘बरं आहे’ म्हणतात, तिथं सतरा! आप्पांनी तो आकडा मला फोनवर अभिमानानं सांगितला. भाकरी, मेथीची भाजी, घरचं दूध. मीही म्हणाले, बघा, बाकी सगळं ठणठणीत आहे. या सतराचा अर्थ पुढं कळला.

पट्ट्याबद्दल एक सांगायचं राहिलं. श्रावणात कानबाईच्या रोटांना, आमच्याकडच्या देवीच्या सणाला, मी दोन दिवस गेले तेव्हा एक पाहिलं होतं. माय उजवीकडं बघायचं झालं की डोळे फिरवत नव्हती, आख्खी मान फिरवत होती, कोंबडी वळवते तशी. बाज तिनं अशी हलवून घेतली होती की टीव्ही बरोबर नाकासमोर यावा. मी विचारलं तर म्हणाली, उजव्या बाजूचं घड्याळ नाचतं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. तिच्या डोळ्यांना जे जमत नव्हतं ते ती मानेकडून करून घेत होती. आम्ही मानेला पट्टा बांधून तीही सोय काढून घेतली.

आणि साडीवरचा डाग. पोलक्याच्या उजव्या बाहीवर आणि पदरावर निळसर पांढरा डाग, रोज. आमच्या बोळीतल्या भिंतींना निळीची सफेदी असते. ती उजव्या खांद्यानं भिंत धरून चालत होती. कपडे धुणाऱ्या वहिनीला तो डाग दोन महिने दिसत होता. तिला कुणी विचारलं नाही, तिनं कुणाला सांगितलं नाही.

भादव्यात एकदा ती बाजारातून मोकळी पिशवी घेऊन परत आली. पुढं ती घराबाहेरच पडेना. खूप खोदल्यावर सांगितलं. पाय फाकवून, झोकांड्या खात चालताना बघून एक पोरगा हसला होता, मित्राला कोपर मारून काहीतरी बोलला होता. ‘पोऱ्या माले दारुडी समजना.’ सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत मोहाच्या पहिल्या धारेचे किस्से सांगणारी माणसं आम्ही. झिंगलेला माणूस लांबून ओळखतो. त्या पोराचं निरीक्षण तसं चुकीचं नव्हतं, हे कळलं तेव्हा मला फार राग आला. दारू जी अनेक कामं बिघडवते त्यात लहान मेंदूचं काम अगदी पुढं येतं. पाय फाकवून चालणं, जिभेचं जडावणं, बोट नाकाऐवजी गालावर जाणं हे तिथलंच. काही देशांत पोलीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सरळ रेघेवर चालायला लावतात आणि डोळ्यांपुढून पेन फिरवून बुबुळं कडेला थरथरतात का ते बघतात. बाजारातल्या पोरानं तपासणीचा अर्धा भाग उरकला होता. पाच महिन्यांत कुठल्याही दवाखान्यात मायला कुणी ‘जरा चालून दाखवा’ म्हटलेलं नव्हतं.

ते वाक्य धुळ्यात ऐकायला मिळालं. नवरात्र नुकतंच संपलं होतं. आप्पांचा पाय मुरगळला होता म्हणून या वेळी मी सोबत गेले. डॉक्टर माझ्याहून लहान, केस विस्कटलेले, बाहेर चाळीस माणसं थांबलेली. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. ‘मावशी, पट्टा काढा, चप्पल काढा, आणि दारापर्यंत चालून दाखवा.’

माय चालली. तिसऱ्या पावलाला उजवीकडं गेली आणि टेबल धरलं.

‘आता पावलाला पाऊल जोडून. रेघेवर चालल्यासारखं.’ एक पाऊलही पडलं नाही. पाय जुळवून उभं राहायला सांगितलं तर डोळे उघडे असतानाच डुलायला लागली. रोम्बर्गची चाचणी मी पुस्तकात वाचली होती. पायांकडून येणारी खबर तुटलेला माणूस डोळे उघडे असेपर्यंत नजरेच्या आधारावर उभा राहतो आणि मिटले की पडतो. लहान मेंदूच्या दुखण्यात डोळे उघडे असले तरी माणूस डुलतोच.

मग बोट. डॉक्टरांनी आपलं बोट हातभर अंतरावर धरलं. ‘माझ्या बोटाला लावा, तुमच्या नाकाला लावा, पुन्हा माझ्या बोटाला.’ डावा हात यंत्रासारखा गेला आणि आला. उजवा निघाला तेव्हा ठीक होता. बोट जवळ यायला लागलं तसा थरथरायला लागला, आणि जितकं जवळ तितकी थरथर मोठी. शेवटी बोट डॉक्टरांच्या बोटाला ओलांडून त्यांच्या मनगटाला लागलं. मायनं ओशाळून हात मागं घेतला. मला पोळीखालून दोन बोटं पुढं गेलेला तो हात आठवला.

‘मुठी वळा आणि माझे हात दाबा.’ दोन्हीकडं जोर सारखा. डॉक्टर मला म्हणाले, ‘ताई, जोर आहे बघा, माप गेलंय.’

आणि मग डोळे. तो भाग मी अजून विसरत नाही. मान हलवायची नाही, फक्त डोळ्यांनी बोटाकडं बघायचं. बोट डावीकडं गेलं, डोळे मागोमाग गेले. बोट मधून उजवीकडं सरकायला लागलं तसे डोळे सरकेनात. अडखळत, टप्प्याटप्प्यानं जायला लागले, खडी टाकलेल्या रस्त्यावरून बैलगाडी जाते तसे. उजव्या टोकाला बोट थांबलं. मायचे डोळे तिथं थांबले नाहीत. बुबुळं हळूच मधल्या बाजूला ओघळायची आणि झटक्यात पुन्हा उजवीकडं जायची. ओघळ, झटका. ओघळ, झटका. सेकंदाला दोन-तीनदा. माय बिचारी अगदी लक्ष देऊन बघत होती, तिला आपले डोळे काय करताहेत याचा पत्ताही नव्हता.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. भरलेली बादली वर आणून एका हातानं दोर धरून उभं राहायचं काम मला असे. हाताची पकड सैल पडली की दोर हळूहळू सुटायचा, बादली वीतभर खाली जायची, मी दचकून हिसका मारून पुन्हा वर घ्यायची. पुन्हा दोर सुटायचा. डोळ्यांचं तसंच. बुबुळ कडेला नेऊन तिथं धरून ठेवणं हे काम आहे, कारण खोबणीतले स्नायू आणि ऊती ते रबरासारखे मधोमध ओढत असतात. त्या ओढीला पुरून उरेल एवढा ताण सतत लावून ठेवायचा हुकूम मस्तिष्कस्तंभातून येतो आणि तो हुकूम गळू नये म्हणून राखण करतो लहान मेंदू. राखणदार आजारी पडला की दोर सुटतो. हिसका त्या बाजूला बघताना मोठा असेल तर दुखणंही बहुधा त्याच बाजूला.

कानाच्या दुखण्यातही डोळे असे उडतात, पण तिथली तऱ्हा वेगळी. कानामुळं उडणाऱ्या डोळ्यांचा झटका माणूस कुठंही बघो, एकाच दिशेला असतो, आणि एखाद्या वस्तूवर नजर रोखली की कमी होतो. मायचे डोळे उजवीकडं बघताना उजवीकडं झटका देत होते आणि डावीकडं बघताना, अगदी बारीक, डावीकडं. दिशा बदलणारा झटका कानाचा नसतो. सतत गरगरणाऱ्या रुग्णांत हे कारण कानाचं की पक्षाघाताचं (स्ट्रोकचं) हे ओळखायला पहिल्या दोन दिवसांत डोळ्यांची अशी तपासणी एमआरआयलाही मागं टाकते, असं २००९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलंय. खर्च: एक बोट.

डॉक्टरांनी विजेरीसारखं यंत्र घेऊन डोळ्यांच्या आत बघितलं. पडद्यावरची नस सुजलेली होती. म्हणजे कवटीतला दाब वाढलेला. ते मायकडं बघून हसले आणि मला बाहेर यायची खूण केली. ‘उजव्या लहान मेंदूत काहीतरी आहे. आजच एमआरआय करा.’

उजव्या. मी विज्ञानाची बाई म्हणून लगेच म्हणाले, ‘उजवा हात म्हणजे डावा मेंदू ना?’ मोठ्या मेंदूचं तसं असतं, ते म्हणाले. लहान मेंदूचे धागे दोनदा ओलांडतात, म्हणून हिशेब परत त्याच बाजूला येतो. वीस वर्षं शिकवून हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात एका गुणापुरतंच होतं.

संध्याकाळी फिल्म आली. उजव्या लहान मेंदूत लिंबाएवढी पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेला वाटाण्याएवढा चकचकीत गोळा. हिमँजिओब्लास्टोमा, रक्तवाहिन्यांच्या गुंत्यातून बनलेली, कर्करोग नसलेली गाठ. वाटाण्यानं काही केलं नसतं, पिशवीनं जागा खाल्ली होती. कवटीची ती मागची खोली फार चिंचोळी. तिथं लिंबू वाढलं तर समोरून जाणारी मेंदूजलाची वाट दबते, पाणी तुंबतं, रात्रभर आडवं राहिल्यावर सकाळी दाब सर्वांत जास्त असतो. मग ती डोकेदुखी, ती उलटी. पित्त! आणि या जातीच्या काही गाठी तांबड्या पेशी वाढवणारा स्राव स्वतःच तयार करतात. आप्पांचा सतराचा आकडा तिथून आला असणार.

चक्कर येणाऱ्या दर माणसाच्या डोक्यात गाठ नसते, हे मात्र इथंच सांगायला हवं. बहुतेकांच्या नसतेच. हा लेख वाचून कुणी एमआरआयच्या रांगेत उभं राहिलं तर मला वाईट वाटेल. रांगेत उभं राहण्याआधी डॉक्टरला चालून दाखवा, एवढंच.

नाशिकला शस्त्रक्रिया ठरली. आग्रा रोडनं गाडी निघाली, चांदवडच्या अलीकडं राहुड घाटात माय मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिनं विचारलं, हा लहान मेंदू करतो काय? एका गुणाचं उत्तर सांगवेना. मग मला जळगावचा रथ आठवला.

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, दीडशे वर्षांहून जुनी चाल आहे ही. दोर ओढायला शेकडो हात. जयघोष त्यांचा, गर्दी त्यांची. पण चाकांजवळ काही माणसं वाकून चालत असतात, हातात लाकडाची मोगरी. रथ डावीकडं झुकला की या चाकाखाली मोगरी, वळण आलं की त्या चाकाखाली, थांबायचं असलं की दोन्हीकडं. ती माणसं रथ ओढत नाहीत. त्यांच्याकडं कुणी बघतही नाही. पण त्यांनी एक दिवस मोगरी खाली ठेवली तर ओढणारे तोच रथ दुकानात घुसवतील. मायला हे पटलं. तिनं लहानपणी रथ पाहिला होता. थोड्या वेळानं म्हणाली, मग मोगरीवाल्याला काय झालं? मी म्हटलं, त्याच्या घरात पाणी शिरलं.

रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाइलवर वाचत राहिले. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा अवयव. मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी, त्यातल्या ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत. त्यातल्या सर्वांत देखण्या पेशी, माशाच्या काट्यासारख्या एका पातळीत पसरलेल्या, चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये दाखवल्या; तरुणपणी याच माणसानं स्वतःला गरगर फिरवून घेऊन चक्करीचा अभ्यास केला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लुरान्स यांनी त्याआधी, १८२४ मध्ये, कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. कबुतरं आंधळी झाली नाहीत, लुळी पडली नाहीत. उडायचा प्रयत्न करत राहिली, उडणं जुळेना.

सर्वांत जास्त वेळ मी थांबले ते १९०४ वर. लंडनमध्ये स्टुअर्ट आणि होम्स या दोघा डॉक्टरांनी लहान मेंदूच्या गाठीच्या ४० रुग्णांच्या लक्षणांवर मोठा लेख लिहिला. सीटी स्कॅनमध्ये पहिला रुग्ण गेला १९७१ साली. म्हणजे या दोघांच्या हातात काय होतं? चालणं, बोट, डोळे. रुग्णानं हात आवळून धरायचा, डॉक्टरनं तो ओढून धरायचा आणि एकदम सोडायचा. धडधाकट माणसाचा हात तिथंच थबकतो, यांचा थांबत नाही, सुटतो तो छातीवर नाहीतर तोंडावर आदळतो. होम्स पुढं पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर होते. डोक्याच्या मागच्या भागाला गोळ्या लागलेल्या जवानांवरून त्यांनी १९१७ मध्ये लहान मेंदूचं काम आणखी तपशिलात मांडलं. त्यांच्या एका रुग्णानं सांगितलं होतं की डाव्या हाताची कामं आपोआप होतात, उजव्या हाताच्या मात्र एकेका हालचालीचा विचार करावा लागतो.

मी मोबाइल बंद केला. हेच वाक्य मी आखाजीला अहिराणीत ऐकलं होतं.

शस्त्रक्रियेचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मी बाहेर बाकावर होते. साडेसहा तास लागले. गाठ रक्तानं भरलेली असल्यानं तिला मध्ये कापता येत नाही, चारी बाजूंनी सोडवून आख्खीच काढतात. पहिले आठ दिवस माय आधीपेक्षा वाईट होती; एकाच्या दोन नर्सा दिसायच्या, पाणी पिताना पेला दातावर आपटायचा. मग एक-एक करून सुटत गेलं. ही गाठ कधीकधी घराण्यातून येते, म्हणून माझ्या आणि भावाच्या डोळ्यांचे पडदे तपासले, मायच्या रक्ताची जनुकीय तपासणी केली. नव्हतं. डोळ्यांत थेंब घालून अंधूक बसले होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘उजवीकडं बघा.’ मी बघितलं, आणि आपले डोळे तिथं थांबलेत याकडं आयुष्यात पहिल्यांदा माझं लक्ष गेलं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मनगटाला वजन बांधायला सांगितलं. त्यानं थरथर दबते. वाळूची पिशवी मायला पसंत पडेना. तिनं पेटीतून आजीचे चांदीचे जाड गोठ काढले आणि उजव्या हातात घातले. गोठ घालून ती दुपारभर ताटात तूर निवडत बसायची. डोळ्यांचा व्यायाम म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मान डावी-उजवी करायची. नवा चष्मा लागला की दोन दिवस जमीन वरखाली होते आणि मग आपोआप बसते ना, ते बसवणारा लहान मेंदूच. नव्या हिशेबाची त्याला सवय होते, पण रोज हिशेब टाकावा लागतो.

चैत्रात धुळ्याच्या त्याच डॉक्टरांना दाखवायला गेलो. माय दारापर्यंत चालून परत आली, भिंतीला हात न लावता. त्यांनी बोट उजवीकडं नेऊन धरलं. दोन बारीक झटके, मग डोळे थांबले.

‘आते भी हालस का?’ मायनं विचारलं.

‘थोडंसं, मावशी. राहील कदाचित.’

‘ऱ्हाऊ द्या. आखाजीना झोका शे तो.’

आखाजीला पुरण शिजवलं तेव्हा घरात जरा वादच झाला. आप्पांचं म्हणणं, यंदा तव्यावरच्याच करा. मायनं ऐकलं नाही. खापर चुलीवर पालथं घातलं, आणि मला समोर बसवलं, कारण मला ही पोळी येत नाही आणि आता शिकून घे म्हणाली. पोळी पूर्वीसारखी कोपरापर्यंत नाही आली. मनगटाच्या थोडी खाली आली की ती खापरावर टाकायची. ती कुणाशी बोलत नव्हती. काकूनं दारातून काहीतरी विचारलं तर ‘थांब’ म्हणाली. गोठ एकमेकांवर वाजत होते. सात पोळ्या नीट झाल्या.

आठवी उजव्या बाजूला फाटली, चांगली वीतभर. माय थबकली. मी तोंड दुसरीकडं वळवलं, तिला ती चवडीच्या तळाशी सरकवता यावी म्हणून. तिनं ती खापरावर टाकली, भाजली, घडी घातली, वर तुपाची धार सोडली.

‘हाई तुन्ही,’ म्हणाली, आणि माझ्या ताटात वाढली.